पँट ३४ची, वजन ६४ किलो, मग ही चरबी आली कुठून?

शिंपी_मालवण

नमस्कार मंडळी. मालवणच्या बाजारात माझं टेलरिंगचं छोटं दुकान आहे, सव्वीस वर्षं झाली. वय ४९, उंची पाच फूट पाच इंच, वजन ६४ किलो. आमच्या घरात सगळ्यात बारीक मीच. रेडिमेडचा एम साइज शर्ट मला आणल्या आणल्या बसतो. एवढं सगळं सांगतोय, कारण माझ्यावर जो शिक्का बसलाय तो मला अजून पटत नाही.

जूनअखेरीस एका रात्री डाव्या कुशीत अशी कळ आली की पहाटेपर्यंत ओटीवर येरझाऱ्या. सकाळी सोनोग्राफी. खडा निघाला, चार मिलिमीटरचा, तो आपला आपण पडूनही गेला. पण रिपोर्टात खाली एक ओळ होती: फॅटी लिव्हर, ग्रेड वन. डॉक्टरांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "काका, रोज घेता की शनिवार-रविवार?" मी शिमग्यालासुद्धा घेत नाही. बायको शेजारीच बसली होती म्हणून बरं, नाहीतर विश्वास बसला नसता. मग रक्त तपासलं. उपाशीपोटी साखर ११८, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ती एचबीएवनसी ६.२ आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, २१२. "अजून मधुमेह नाही, पण काठावर आहात," म्हणाले.

आता गंमत ऐका. गेल्या वर्षी गावातल्या हॉलमध्ये एक आरोग्य शिबिर झालं होतं. कुणाचं ते सांगत नाही. वजन, उंची, एक रंगीत कार्ड. माझ्या कार्डावर बीएमआय २३.५, चौकट हिरवी, खाली "नॉर्मल". मी ते कार्ड काउंटरच्या काचेखाली सरकवून ठेवलं होतं, गिऱ्हाइकांना दिसेल असं! माझ्या मागे रांगेत माझा शाळेतला दोस्त होता. मासेमारीच्या बोटीवर तांडेल आहे. पाच फूट सात इंच, ८८ किलो. त्याची चौकट लाल. त्यानं परवा माझ्याबरोबरच रक्त दिलं तर त्याची उपाशीपोटी साखर ९२. दुकानात येऊन भर गिऱ्हाइकांत ओरडला, "मेल्या, चरबी माझी नि साखर तुका!"

त्या रात्री शटर अर्धं ओढून मी स्वतःचं माप घेतलं. सव्वीस वर्षं दुसऱ्यांची मापं घेतोय, स्वतःचं कधी घेत नाही, जुनी पँट टेबलावर पसरून तिच्यावरून कापतो. माझी पँट ३४ची. २००९ सालीही ३४, आजही ३४. बनियन वर करून टेप बेंबीवरून फिरवली तर ३७! पुन्हा घेतली, ३७. टेप जुनी होऊन ताणली गेली असेल म्हणून नव्या टेपनं घेतली. ३७च.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. पँटची कंबर आणि माणसाची कंबर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे सगळ्यात आधी मला कळायला हवं होतं. आम्ही माप घेताना विचारतो, "पँट कुठे घालता?" गिऱ्हाईक बोट ठेवतं तिथे टेप जाते. पोट सुटायला लागलं की माणूस पट्टा पोटाखाली सरकवतो आणि माप तेवढंच राहतं. "माझी कंबर वीस वर्षं तीच आहे," असं छाती फुगवून सांगणारे माझ्याकडे महिन्याला दहा तरी येतात. खरी चुगली पँटचा पुढचा भाग करतो. तिथे पोटाला जागा द्यायला कापड उतरतं कापावं लागतं. असं गिऱ्हाईक असलं की मी वहीत मापाशेजारी "पो" असं लिहितो. काल २००३ची वही काढली. पानंच्या पानं उलटावी तेव्हा एखादा "पो" सापडतो, तोही बहुतेक व्यापारी नाहीतर सरकारी खुर्चीवाला. यंदाच्या वहीत "पो" नसलेलं पान शोधावं लागतं. त्यात अकरावी-बारावीची मुलं आहेत, ज्यांचे दंड माझ्या मनगटाएवढे.

तर विचारायचं हे, की चौकट हिरवी असताना लिव्हरवर चरबी आली कशी? ८८ किलोचा तांडेल सुटला आणि मी अडकलो, हा काय न्याय? आणि भात बंद करायला सांगू नका. बाकी काहीही सांगा.

निवृत्त_डॉक्टर_कुडाळ

शिंपीदादा, कार्डावरचं गणित बरोबर आहे. तक्ता मात्र दुसऱ्याच्या अंगावर बेतलेला आहे.

बीएमआय म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं. ही कल्पना एकोणिसाव्या शतकातल्या केटले नावाच्या बेल्जियन गणितज्ञाची. त्याला रोग शोधायचे नव्हते, "सरासरी माणूस" कसा असतो ते बघायचं होतं. आजचं नाव दिलं अमेरिकेतल्या अ‍ॅन्सेल कीज यांनी, १९७२मध्ये. लोकसंख्येचा अंदाज घ्यायला ते सोपं, स्वस्त, चांगलं साधन आहे. पण काट्यावर उभ्या माणसाचं वजन हाडाचं, मांसाचं की चरबीचं, आणि चरबी असली तर ती कुठे बसली आहे, यातलं त्याला काही कळत नाही.

२५च्या वर जास्त वजन आणि ३०च्या वर लठ्ठपणा, हा जागतिक आरोग्य संघटनेचा नेहमीचा तक्ता. तुमच्या शिबिरात तोच छापलेला असणार. आशियाई लोकांना त्याच आकड्यांच्या खालीच मधुमेह आणि हृदयविकार गाठतात हे दिसल्यावर संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४मध्ये आशियासाठी सावध होण्याचे आकडे २३ आणि २७.५ असे सुचवले. भारतातल्या डॉक्टरांनी २००९मध्ये आणखी कडक रेषा ओढली: २३पासून जास्त वजन, २५पासून लठ्ठपणा. या हिशेबानं तुमची चौकट हिरवी नव्हतीच.

इंग्लंडमधल्या सुमारे १५ लाख लोकांच्या नोंदी तपासून २०२१मध्ये एक अभ्यास आला. गोऱ्या माणसाला बीएमआय ३० असताना मधुमेहाचा जेवढा धोका, तेवढाच धोका कृष्णवर्णीयांना २८.१ला, चिनी वंशाच्यांना २६.९ला, अरबांना २६.६ला आणि आपल्या उपखंडातल्यांना २३.९लाच. म्हणजे लंडनच्या बसमध्ये तुमच्या बाजूला सीट भरून बसलेला गोरा आणि तुम्ही, या एका बाबतीत जवळजवळ सारखेच. देश एकच, दवाखाने तेच, तरी एवढा फरक.

याचा एक फोटो आम्हा डॉक्टरांत प्रसिद्ध आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. २००४मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. आपण वरून सडपातळ आणि आतून चरबीदार, हे सांगायला याज्ञिकांनी स्वतःलाच पुढे केलं.

आता तुमचं लिव्हर. जास्तीची ऊर्जा साठवायची खरी कोठी कातडीखाली असते: मांड्या, नितंब, दंड. तिथली चरबी दिसते, पण फारशी त्रास देत नाही. आपल्या लोकांत ही कोठी लहान असते असं मानायला बराच आधार आहे. ती भरली की माल पोटात आतड्यांभोवती, लिव्हरमध्ये, स्नायूंमध्ये जाऊन पडतो. पोटातल्या चरबीतून सुटणारी चरबीची आम्लं रक्तावाटे थेट लिव्हरकडे जातात. लिव्हर इन्सुलिनचं ऐकेनासं होतं, नको तेव्हा साखर सोडत राहतं, आणि ट्रायग्लिसराइडही वाढवतं. तुमचे तिन्ही आकडे एकाच विहिरीचं पाणी आहे. दारूचा संबंध नाही.

तांडेलाचं म्हणाल तर, जाळी ओढून कमावलेला स्नायू साखर खातो, आणि त्याची चरबी बहुधा कातडीखाली पसरलेली असावी. जपानी सुमो पैलवानांचं असंच असतं. वजन प्रचंड, पण तालीम चालू असेपर्यंत पोटाच्या आत चरबी कमी. पण त्याला एवढ्यात हार घालू नका. त्याचं ब्लडप्रेशर मोजा, जिने चढताना गुडघे काय म्हणतात ते विचारा, आणि रात्री घोरता घोरता श्वास मधेच थांबतो का हे त्याच्या बायकोला विचारा. बोट सुटली, काम थांबलं, की त्याचीही साखर बघावी लागेल.

टेप कुठे धरायची ते नीट सांगतो, तुमच्या धंद्यालाच उपयोगी पडेल. शेवटची बरगडी आणि कमरेचं वरचं हाड, यांच्या बरोबर मधे. टेप जमिनीला समांतर, आवळायची नाही, माणसानं सहज श्वास सोडला की वाचायची. भारतीय पुरुषाला ९० सेंटिमीटर म्हणजे साडेपस्तीस इंच, बाईला ८० म्हणजे साडेएकतीस. युरोपियन पुरुषाला ९४ चालतात. एवढं लक्षात राहत नसेल तर कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. तुमची उंची ६५ इंच. निम्मे किती?

शिंपी_मालवण

साडेबत्तीस. म्हणजे साडेचार इंच जास्ती. लिहिताना हात थरथरला.

डॉक्टरसाहेब, तुम्ही कोठी म्हणालात, मला ते आमच्या भाषेत कळलं. पँट शिवताना मागच्या शिवणीत आम्ही जास्तीचं कापड आत दुमडून ठेवतो, त्याला माया म्हणतात. माणूस सुटला की उसवायचं, माया सोडायची, पँट पुन्हा बसते. रेडिमेडवाले माया ठेवत नाहीत, अर्धा इंच वाढलात की शिवण फाटते. तर गोऱ्याला देवानं दोन-अडीच इंच माया देऊन शिवलाय, आणि आम्ही रेडिमेड! तांडेलाच्या आईनं त्याला घरच्या कापडात शिवला असणार.

आचऱ्याचो

आमचो आजो जल्मभर तीन टायम भात जेवलो नि ९१ वर्सां जगलो. तेका खयची साखर नि खयचा लिव्हर? ह्यो सगळो गोळयेवाल्यांचो धंदो. टेलरानू, गपचूप जेवा.

शिंपी_मालवण

तुमचा आजो आमच्या दुकानात कधी आला नाही, कारण तो पंचा नेसायचा. आणि आचऱ्याहून मालवणचा बाजार करायला चालत यायचा, डोक्यावर बोजा घेऊन. माझे वडील सांगायचे हे. तुम्ही कोपऱ्यावरून पाव आणायला बुलेट काढता, मी बघितलंय.

खलाशी_दाभोळ

शिंपीभाऊ, मी मालवाहू जहाजावर बावीस वर्षं काढली. दर कॉन्ट्रॅक्टआधी मेडिकल, त्यामुळे काटा आणि टेप यांची सवय आहे. डॉक्टरांनी फोटो सांगितला, मी मेसमधलं सांगतो.

आमच्या जहाजावर एक सामोआचा गडी होता, पॅसिफिकमधल्या बेटावरचा. दरवाजातून येताना उजेड अडायचा. पहिल्या दिवशी मला वाटलं, हा मेडिकल पास झालाच कसा? मग त्याला दोरखंड ओढताना बघितलं. निम्मं तरी मांस होतं. त्या बाजूच्या लोकांचा बीएमआय गोऱ्यांएवढा असला तरी अंगात चरबी गोऱ्यांपेक्षा कमी भरते. म्हणजे आपल्या नेमकं उलट. एकच तक्ता त्याला जाडा म्हणणार आणि मला नॉर्मल, आणि दोन्हीकडे चुकणार.

तरी त्यांचं बरं चाललंय असं समजू नका. आपिया बंदराला लागलो तेव्हा त्याच्या घरी जेवायला नेलं. परातीत टर्कीची शेपटं. हो, टर्की कोंबड्याचं शेपूट, नुसता चरबीचा गोळा. अमेरिकेत लोक खात नाहीत म्हणून स्वस्तात बेटांवर पाठवतात. सामोआ सरकारनं २००७मध्ये त्यावर बंदी घातली होती. मग जागतिक व्यापार संघटनेत शिरायचं तर बंदी उठवा म्हणाले, २०१२मध्ये संघटनेत गेले आणि बंदी गेली. त्याआधी हे लोक मासे, नारळ, कंद खायचे. आपल्यासारखंच की. आता डब्यातलं मटण, साखर घातलेली पेयं, आणि मधुमेहाची रांग.

आणखी एक विचित्र गोष्ट मी नंतर वाचली. सामोआच्या लोकांत एका जनुकाचं वेगळं रूप सापडलं, २०१६ची गोष्ट. ते ज्याच्यात असतं त्याचं वजन वाढतं, पण मधुमेहाचा धोका मात्र कमी होतो. जवळपास निम्म्या लोकांत आहे. तुमच्या भाषेत, माया जास्त सोडलेली. तुमच्या तांडेलाचं कुणी काढून बघितलं तर काय सापडेल कोण जाणे.

जपानी मात्र शिस्तीचे. तिथे २००८पासून ४० ते ७४ वयाच्या लोकांची दरवर्षी तपासणीत कंबर मोजतात. पुरुषाला ८५ सेंटिमीटर, म्हणजे साडेतेहतीस. आमचा जपानी चीफ इंजिनिअर सुट्टीवर जायच्या आधी महिनाभर डेकवर फेऱ्या मारायचा, टेपच्या भीतीनं.

माझं स्वतःचं सांगू? जहाज सोडलं आणि दाभोळला घर बांधलं. समोर खाडी, ओटीवर आरामखुर्ची. चार वर्षांत वजन फक्त तीन किलो वाढलं आणि पट्ट्याची भोकं दोन. पाय बारीक झाले, पोट आलं. काटा बघून मी खूश होतो, म्हणजे मांस गेलं आणि चरबी आली हे कळलंच नाही.

माई_वेंगुर्ला

तुम्ही सगळे पुरुष पँटीबद्दल बोलताय. परकराच्या नाडीला माप नसतं हो! नाडी कितीही सैल करा, ती तक्रार करत नाही. मला पन्नाशीपर्यंत कळलंच नाही. पाळी गेली आणि दोन वर्षांत सगळं मांड्यांवरून उठून पोटावर येऊन बसलं. वजन तेच, ५८. ब्लाउज शिवणारणीनं एकदा विचारलं, "माई, खालची पट्टी वाढवू?" मी म्हटलं कापड आटलं असेल. काल डॉक्टरांचं वाचून टेप लावली, ३६.

आमच्याकडे बारीक बाईला काळजीनं जेवायला घालतात आणि सुटलेलीला "अंगी लागलं गो" म्हणून कौतुक करतात. माझी आई काडीसारखी होती. तिला साखर निघाली तेव्हा आम्ही डॉक्टर बदलला होता.

भाताबद्दल. शिंपीदादा, बंद करू नका, पण एक दिवस मोजा. मी मोजलं. सकाळी घावणे, दहाला पेज, दुपारी भात, रात्री तांदळाची भाकरी आणि वर पुन्हा "कढी संपवायला" दोन घास भात. चार नावं, वस्तू एकच. माझ्या सासूबाई हेच जेवायच्या, पण लावणीच्या दिवसांत सहा तास चिखलात वाकून. मी आता दुपारचा भात ठेवलाय, वाटीनं. सकाळी कुळथाची पिठी नाहीतर मुगाचं काहीतरी, रात्री बांगडा आणि भाजी जास्त, भाकरी एक. बांगडा तळत नाही, तिरफळं घालून तिखलं करते. पहिला आठवडा चिडचिड झाली, खोटं कशाला सांगू.

डॉक्टर, मला एक विचारायचंय. लेकीला मे महिन्यात मुलगा झाला, म्हापशाला. २ किलो ४००. आता विहीणबाई त्याला तूप, साखर, काय काय चाटवायला निघाल्यात, "बाळसं येऊ दे" म्हणून. बरोबर आहे का?

निवृत्त_डॉक्टर_कुडाळ

माई, पहिले सहा महिने आईचं दूध, बाकी बोटसुद्धा नाही. विहीणबाईंना माझं नाव सांगा, भांडण माझ्या अंगावर येऊ दे.

तुमचा प्रश्न या धाग्याच्या मुळाशी जातो. याज्ञिकांच्याच गटानं १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला आहे. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीन. आपल्या बाळाचे हातपाय, पोटातले अवयव, स्नायू, सगळंच लहान. फक्त पाठीवरच्या चिमटीतली चरबी त्या मानानं जवळजवळ गोऱ्या बाळाएवढी. म्हणजे बारीक-पण-चरबीदार ही आपली ठेवण जन्मतःच असते. त्यामुळे प्रश्न फक्त भाताचा नाही, आईच्या पोटात असताना काय मिळालं याचाही आहे. अशा बाळाची उंची आणि स्नायू वाढायला हवेत. नुसतं गुटगुटीत करण्यात पुढचा धोका वाढतो. लेकीला मात्र भरपूर डाळ, मासे, अंडी, भाज्या द्या, आणि लोहाच्या गोळ्या चुकवू देऊ नका.

बाकी म्हापशाचं नाव निघालं म्हणून. देशभरच्या पाहणीचे आकडे २०२३मध्ये आले, त्यात मधुमेहाचं प्रमाण सगळ्यात जास्त गोव्यात, २६.४ टक्के. देशाची सरासरी ११.४. बांद्याच्या पलीकडे गोवा सुरू होतो, मासे तेच, भात तोच, खुर्च्याही त्याच. आपण इकडे वेगळे आहोत असं मी तरी समजत नाही.

तुमच्या ३६ इंचांबद्दल: पाळी गेल्यावर ते होतं, तुमचा दोष नाही, पण साखर, प्रेशर तपासून घ्या. आणि पाळी गेल्यावर पुन्हा कधी अंगावरून गेलं तर लाजून घरी बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गर्भाशयाच्या अस्तराचा आणि पाळीनंतरचा स्तनाचा कॅन्सर यांचा चरबीशी संबंध पक्का आहे.

शिंपीदादा, काठावरच्यांसाठी आपल्याच देशातला एक प्रयोग सांगतो. २००६मध्ये चेन्नईच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केला. तुमच्यासारखेच काठावरचे ५३१ लोक. ज्यांना नुसतं रोजचं चालणं आणि जेवणात बदल करायला लावलं, त्यांच्यात तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झालं. आणि ऐका, त्यांचं वजन जवळपास होतं तेवढंच राहिलं. तेव्हा काट्यावर चढून निराश होऊ नका. तुमच्याकडे टेप आहे, ती वापरा. दिवसभर बसून काय काय हलतं तुमचं?

शिंपी_मालवण

उजव्या पायाचा अंगठा. खरंच सांगतो.

डॉक्टरांच्या या एका वाक्यानं मी तीन दिवस झोपलो नाही. दुकान घेतलं तेव्हा पायाचं मशीन होतं, खाली लोखंडी पावडी, मोठं चाक, चामड्याचा पट्टा. दिवसाला दहा-बारा तास दोन्ही पाय खालीवर. संध्याकाळी पोटऱ्या दगडासारख्या. २०११ला मोटर बसवली. दीड हजारांत काम झालं, वेग दुप्पट, मी बाजारभर सांगत फिरलो होतो की पाय सुटले. आता अंगठा पेडलवर टेकवला की मशीन पळतं. इस्त्रीला मुलगा, काज-बटणाला बाहेर देतो, चहा टपरीवाला टेबलावर आणून ठेवतो. घर ते दुकान आठशे पावलं, तीही स्कूटरनं. मंडळी, माझी २००९ची पँट आणि आजची पँट दोन्ही ३४. त्या दोघींच्या मधे ती मोटर आहे.

तर झालंय ते सांगतो. स्कूटर मुलाला देऊन टाकली. सकाळी साडेसहाला दांड्यावर जातो, रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लागलेली असली तर दोरीला हात लावतो. रापणकर पहिल्या दिवशी हसले, दुसऱ्या दिवशी मूठभर तारली दिली. दुपारचा भात वाटीनं, माईंच्या हुकुमाप्रमाणे, रात्री भाकरी एक. कढी संपवायचं काम तांडेलाकडे दिलंय. त्याचं प्रेशर १५८ बाय ९६ निघालं, डॉक्टरसाहेब. आणि त्याची बायको म्हणाली, घोरता घोरता असा थांबतो की ती त्याला कोपरानं ढोसते. त्याला तपासायला पाठवलाय, आता तो मला "मेल्या" म्हणत नाही.

सहा आठवडे झाले. वजन ६३ किलो, म्हणजे काहीच नाही. टेप ३५ आणि पाव इंच. रक्त तीन महिन्यांनी तपासायचंय.

दुकानात आता दोन मापं घेतो, एक पँटीचं, एक डॉक्टरांनी सांगितलेल्या जागी. दुसरं वहीत लाल पेनानं, फुकट. चतुर्थीच्या कपड्यांची गर्दी आहे, कालपर्यंत एकतीस जणांचं घेतलं. चाकरमानी आल्यावर आणखी होतील. किती जण निम्म्या उंचीच्या वर निघाले ते इथे लिहिणार नाही, गाव लहान आहे, नावं लगेच कळतील. एकानं माप ऐकून टेपच माझ्या हातातून ओढून घेतली आणि स्वतः मोजली. अर्धा इंच जास्त आलं.

आता शेवटचं एक काम. जुन्या मशीनचा सांगाडा माळ्यावर होता, तो खाली काढला. पावडी गंजली होती, तेल घालून फिरायला लागली. मुलगा कपाळाला हात लावून बसलाय, चतुर्थीच्या तोंडावर बाबांनी काय काढलं म्हणून. त्याला मोटरवाल्या मशीनवर बसवतो, परकर नि पिशव्या मी पायानं शिवीन. पण चामड्याचा पट्टा कुजून तुकडे झालाय आणि मालवणात कुठल्याच दुकानात मिळत नाही, सगळीकडे मोटरचा रबरी पट्टाच देतात. कुडाळ, सावंतवाडी, कणकवली, कुणाला ठाऊक असेल किंवा कुणाच्या आजीच्या मशीनला पडून असेल तर कळवा. जोडायची तारेची कडी माझ्याकडे आहे.

माई_वेंगुर्ला

आहे माझ्याकडे. सासूबाईंच्या मशीनचा, नवाच्या नवा, पुडीतून काढलेलासुद्धा नाही. शनिवारी भाचा एसटीनं मालवणला येतोय, त्याच्याकडे देते. बदल्यात चार परकर शिवून द्या, आणि माप तुमच्या त्या लाल पेनानं घेऊ नका.